पोटातनं म्हणजे नेमकं कुठनं? नव्या गायकांसाठी आवाजाची ओळख

"सर, पोटातनं गा म्हणताय, पण पोटातनं म्हणजे नेमकं कुठनं? पोटात तर सकाळची मिसळ हाय."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या रविवारच्या शिकवणीत एका पोरानं हे विचारलं आणि मी पेटीवरचा हात काढून गप्प बसलो. वर्ग हसला, पण पोराचं चुकलं नव्हतं. पोटातनं गा, गळा मोकळा सोड, नाकात गाऊ नको, नाभीतनं सा लाव, ही वाक्यं आम्ही गाणं शिकवणारे पिढ्यान् पिढ्या म्हणत आलोय. ज्याला गाता येतं त्याला ती बरोबर कळतात. ज्याला येत नाही तो नाभीकडं बघत बसतो. मी स्वतः शिकायला लागलो तेव्हा 'पोट आत ओढून धर' असं सांगणारे एक गुरुजी भेटले होते. वर्षभर पोट ओढून गायलो. दर तानेला खांदे कानाला लागायचे आणि घरी आल्यावर मान दुखायची.

म्हणून हा लेख. यात राग नाहीत, ताल नाहीत. स्वतःच्या अंगावर हात कुठं ठेवायचा आणि तिथं काय जाणवायला हवं, एवढंच आहे. सामान थोडं लागेल: सतरंजी, एक जाडसर वही, हातात मावेल एवढा आरसा, शीतपेय प्यायची नळी आणि अर्धा ग्लास पाणी. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल.

पहिली पायरी: आडवे व्हा

सतरंजीवर उताणे झोपा, वही पोटावर ठेवा आणि काही न करता श्वास चालू द्या. वही वर येते, खाली जाते. उभं राहिल्यावर खांदे उचलून श्वास घेणारा माणूससुद्धा झोपला की बरोबर श्वास घेतो. ही गोष्ट शिकायची नसते, आठवायची असते.

वही का उचलली जाते? फुफ्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. त्यांच्या खाली घुमटासारखा एक पातळ स्नायू आहे, श्वासपटल. छातीची तीच जमीन आणि पोटाचं तेच छत. ते आवळलं की घुमट सपाट होऊन खाली सरकतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आपसूक आत येते. खाली जठर, यकृत, आतडी दाटीवाटीनं बसलेली. वरून दाब आल्यावर ती पुढं सरकतात, म्हणून पोट फुगतं. म्हणजे वही उचलते ती हवा नव्हे, मिसळच म्हणा.

आता महत्त्वाची गोष्ट. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. गाणं मात्र बाहेर सोडण्यावर चालतं. गाताना श्वासपटल हळूहळू सैल पडत वर जातं आणि ते किती हळू जावं, हे पोटाच्या भिंतीचे आणि बरगड्यांमधले स्नायू ठरवतात. 'पोटातनं गा' याचा खरा अर्थ हाच. हवा छातीत असते, लगाम पोटाकडं असतो.

दुसरी पायरी: बरगड्यांवर हात

उभे राहा. दोन्ही हात कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांवर ठेवा, अंगठे मागं आणि बोटं पुढं. श्वास घेताना हात बाजूंना सरकले पाहिजेत. खांदे जागचे हलायला नकोत, आरशात बघा. मग दातांवरून 'स्स्स्स' असा बारीक, सारखा आवाज सोडा. पंक्चर झालेल्या टायरसारखा, पण टायर सावकाश बसतो तसा. सोडताना बरगड्या एकदम कोसळू द्यायच्या नाहीत. हाताखाली त्या शक्य तितका वेळ फुललेल्या राहू देत.

सुरुवातीला १२-१५ सेकंद टिकलं तरी पुष्कळ. महिन्याभरात २५ पर्यंत जाल. त्यापुढं शर्यत लावू नका, गाण्यात तेवढा लांब श्वास क्वचितच लागतो.

नवीन माणूस श्वास कमी घेतो असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. तो गळ्यापर्यंत भरून घेतो. साध्या श्वासाला अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. पुरुषाच्या फुफ्फुसांत एकंदर सहा लिटरच्या आसपास आणि बाईच्या चारच्या थोडं वर हवा मावते. त्यातली लिटरभर तरी कितीही जोर केला तरी बाहेर जात नाही. काठोकाठ भरलं की ती हवा बाहेर यायला धडपडते, ती अडवायला गळा आवळतो आणि पहिलाच सा फुटतो. बंदिशीच्या मुखड्याला अर्ध्याहून थोडा जास्त श्वास पुरतो.

तालमीत जाणाऱ्या पोरांना इथं वेगळं सांगावं लागतं, आणि कोल्हापुरात अशी पोरं प्रत्येक वर्गात एखादं तरी असतंच. वजन उचलताना किंवा खासबागेच्या कुस्ती मैदानात गडी उचलताना पैलवान दम कोंडतो. त्या वेळी गळ्यातली झडप घट्ट मिटते, छातीत हवा अडकते आणि धड खांबासारखं ताठ होतं. कुस्तीत हे हवंच. गाण्यात ह्याच झडपेतून हवा मोकळी वाहायला हवी. व्यायाम करून आल्या आल्या रियाजाला बसलात तर गळा तालमीतच राहिलेला असतो. अर्धा तास जाऊ द्या.

तिसरी पायरी: कंठमण्यावर बोट

ही पायरी सावकाश करा, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

मानेच्या पुढच्या बाजूला मधोमध बोट ठेवा. पुरुषांना टोचणारा उंचवटा लागेल, तो कंठमणी. बायकांनाही असतो. फक्त तिथं कूर्चेच्या, म्हणजे हाडासारख्या पण लवचिक भागाच्या, ज्या दोन पाट्या जुळतात त्यांचा कोन पुरुषांत साधारण ९० अंशांचा आणि बायकांत १२० च्या आसपास असतो, म्हणून तो वर दिसत नाही. आवंढा गिळा. उंचवटा वर जाऊन परत खाली येतो. हे तुमचं स्वरयंत्र. ते श्वासनलिकेच्या तोंडावर बसलंय आणि त्याचं मूळ काम गाणं हे नाहीच. अन्नपाणी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून बसवलेला तो राखणदार आहे.

बोट तिथंच ठेवून 'स्स्स' म्हणा. काही नाही. आता 'म्म्म' म्हणा. बोटाला गुणगुण लागली? आतले स्वरतंतू थरथरतायत.

तंतू हा शब्द जरा फसवा आहे. त्या तारा नाहीत. श्वासमार्गाच्या दोन्ही बाजूंनी आत आलेल्या मऊ घड्या आहेत, पुढं एकमेकींना चिकटलेल्या आणि मागं उघडणाऱ्या. वरून बघितलं तर इंग्रजी 'व्ही' अक्षर. लांबी बायकांची सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर, पुरुषांची पावणेदोन ते अडीच. बस्स एवढंच. देवल क्लबात, आपल्या गावच्या जुन्या गायनसंस्थेत, बसून ज्यांचं ज्यांचं गाणं ऐकलंत, त्या सगळ्यांचं भांडवल एवढंच होतं.

त्या थरथरतात कशा? ओठ सैल मिटा आणि घोड्यासारखी फुर्रर्र करा. प्रत्येक फडफडीला तुम्ही ओठ हलवत नाही. हवा त्यांना ढकलून उघडते, ते आपल्या लवचिकपणानं परत मिटतात, पुन्हा हवा उघडते. स्वरतंतूंचं अगदी असंच. काळी एक पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी धरून, सा लावणाऱ्या पुरुषाच्या गळ्यात हे उघडणं-मिटणं सेकंदाला सुमारे १३९ वेळा होतं. काळी चार धरणाऱ्या बाईच्या गळ्यात सुमारे २०८ वेळा. तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, याच्या दुप्पट. मेंदू सेकंदाला एवढे हुकूम सोडूच शकत नाही. तो फक्त तंतू जवळ आणतो आणि त्यांना योग्य तेवढा ताण देतो, बाकीचं हवा करते. म्हणून वाहत्या हवेशिवाय गळ्यानं सूर 'काढायचा' म्हटलं की फक्त घासल्याचा आवाज येतो.

आता ताणाची गंमत. बोट कंठमण्यावरून खाली सरकवा. एक बारीक खोबण लागेल आणि तिच्याखाली अंगठीसारखं कडक कडं. 'ऊ' वर खालून वर सावकाश मींड घ्या, म्हणजे सूर न तोडता घसरत वर जा. बऱ्याच जणांना खोबण मिटत गेल्याचं कळतं. वरची कूर्चा पुढं कलते, आतले तंतू लांबतात, पातळ होतात, सूर चढतो. खाली येताना उलट, तंतू आखूड आणि जाड. ह्यात मान वर करण्याचा, भुवया उंचावण्याचा किंवा टाचा उचलण्याचा काही संबंध नाही, पण पहिल्या वर्षी सगळेच तार सा छतावर शोधतात. एक हात मानेमागं हलका ठेवून गा, सवय जाईल.

चढताना एका ठिकाणी आवाज अडखळतो किंवा फाटतो. जाड तंतूंनी गायचं सोडून पातळ तंतूंनी गायचं, या दोन कामांचे स्नायू वेगळे असतात आणि तिथं त्यांची अदलाबदल होते. तिथं जोर करू नका. हळू आवाजात, मींड घेऊन, रोज चार वेळा तिथून जा. आणि १२ ते १५ वयाच्या मुलग्यांच्या आईवडिलांना वेगळं सांगतो: त्या वयात स्वरयंत्रच झपाट्यानं वाढत असतं, आवाज फुटतो. तो बिघडलेला नसतो. पट्टी खाली आणा, थोडंच गाऊ द्या, स्पर्धा राहू देत.

चौथी पायरी: भाता पेटीचा, भोपळा तंबोऱ्याचा

स्वरतंतूंचा नुसता आवाज ऐकायला मिळाला तर कुणी वाहवा म्हणणार नाही. तो भुणभुण असतो. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांकडं एकदा जाऊन या, आपल्याकडून पन्नासेक किलोमीटर. भोपळ्याविना नुसती तार छेडून बघा, मग भोपळ्यासकट. आपल्याकडं भाता पेटीसारखा छातीत आहे आणि भोपळा गळ्यापासून ओठांपर्यंत. फरक इतकाच की आपला भोपळा दर अक्षराला आकार बदलतो.

या भोपळ्याचा नकाशा तुम्ही पहिलीतच पाठ केलाय. क ख ग म्हणा, जिभेचा मागचा भाग टाळूच्या मागं लागतो. च छ ज जरा पुढं. ट ठ ड टाळूच्या उंचीवर. त थ द दातांशी. प फ ब ओठांवर. वर्णमाला लिहिणाऱ्यांनी आतून बाहेर अशी ओळीनं जागा लावून ठेवल्यात. प्रत्येक ओळीच्या शेवटी ङ ञ ण न म, ते नाकाचे. ओळ म्हणताना जीभ कुठं टेकते इकडं एकदा लक्ष द्या. मला हे वयाच्या तिशीनंतर कळलं आणि शाळेत कुणी का सांगितलं नाही म्हणून रागच आला.

नाकात गातोय की नाही, हे ओळखायची सोपी खूण: 'आ' लावा आणि बोटांनी नाक बंद-उघड करा. आवाज बदलला नाही तर ठीक. बदलत असेल तर टाळूचा मागचा मऊ भाग खाली लोंबतोय आणि हवा नाकातून पळतेय. तो भाग दिसतो. आरसा घ्या, उजेडाकडं तोंड करा, जांभई द्या. पडजीभ आणि तिच्याभोवतीची कमान वर उचलली जाते. गाताना कमान तेवढी नाही, पण त्याच्या निम्मी तरी वर हवी. 'म' म्हणताना मात्र नाक दाबलं की आवाज बंदच पडला पाहिजे, कारण 'म' नाकातूनच येतो. नाक वाईट नाही, अवेळी आलं की वाईट.

मग जीभ. जिभेचं मूळ ज्या लहानशा हाडाला बांधलंय, त्याच हाडाला खालून स्वरयंत्र टांगलेलं आहे. जीभ मागं ओढली की स्वरयंत्र दबतं आणि आवाज गळ्यात अडकतो. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मुळाशी टेकवून 'आ' म्हणा. कानाच्या पुढं बोट ठेवा. तोंड उघडताना जबड्याचा सांधा खाली सरकून पुढं येतो, तिथं खड्डा पडतो. खड्डा पडला नाही तर तोंड उघडलेलंच नाही, फक्त ओठ ताणलेत.

आकाराचं, म्हणजे 'आ' लावून गाण्याचं, एवढं सांगतोय त्याला कारण आहे. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात राहिले आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ओळखच मोकळा आकार ही. आपल्या गावाच्या कानात तो बसलाय. एखाद्यानं तोंड मिटून तान घेतली तर देवल क्लबातला जुना श्रोता चुळबुळतो.

आवाज 'पोचतो' म्हणजे काय, तेही याच भोपळ्यात आहे. आपला कान सेकंदाला साधारण २००० ते ४००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. भोपळ्याचा आकार नेमका जमला की सुरातले त्या पट्ट्यातले अंश उठून येतात आणि न ओरडता आवाज मागच्या रांगेत जातो. गायक-नट केशवराव भोसल्यांच्या काळात रंगभूमीवर माईक नव्हता. १९१५ साली उभं राहिलेलं आणि पुढं त्यांच्याच नावाचं झालेलं आपलं नाट्यगृह आठवा, आणि तिथं शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू जायला हवं होतं हे लक्षात घ्या. नुसत्या ताकदीवर हे रोज जमत नाही.

पाचवी पायरी: नळी आणि पाणी

ग्लासात पाणी, नळीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. ओठ नळीभोवती मिटून 'ऊ' गा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मग त्याच 'ऊ' वर सा ते प, प ते सा अशी मींड. पाण्याचा उलटा दाब स्वरतंतूंपर्यंत पोचतो आणि ते कमी आदळआपट करत थरथरतात. आवाजावर उपचार करणारे तज्ज्ञ हाच व्यायाम देतात. रियाजाआधी तीन मिनिटं, नंतर दोन. घरचे हसतील, हसू द्यात.

काय प्यावं, काय खावं

इथं मी भांडणं ओढवून घेतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, मध, आलं, कोमट पाणी, यातलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही. लागलं तर ठसका बसेल, कारण गिळलेलं सगळं मागच्या अन्ननलिकेत जातं आणि राखणदार झडप लावून बसलेला असतो. ज्येष्ठमधानं घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, खाकरावंसं वाटणं कमी होतं. तेवढ्यासाठी खुशाल चघळा. पाणी आतून काम करतं, दिवसभर थोडं थोडं प्यायलं तर. मैफलीआधी पाच मिनिटं लिटरभर ढोसून फक्त लघवीला लागते. थेट तिथवर पोचते ती वाफ. साध्या पाण्याची घ्या, बाम टाकू नका.

रात्री अकराला तांबडा रस्सा ओरपून बाराला आडवं होणाऱ्यांसाठी: जठरातलं आम्ल वर चढून स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला चटका देतं. सकाळी आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरणं. रस्सा सोडा असं कोल्हापुरात राहून मी म्हणणार नाही. जेवण आणि झोप यांच्यात तीन तास ठेवा.

खाकरणं मात्र सोडा. त्यात दोन्ही तंतू एकमेकांवर जोरात आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा आवंढा गिळा. आवाज बसला असेल तर कुजबुजूही नका, त्यातही गळा आवळला जातो. गप्प बसा.

कुठं थांबायचं

शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असेल त्या दिवशीचा रियाज मी सरळ रद्द करतो. पोरं ओरडून येतात, तंतू लाल आणि सुजलेले असतात, त्यावर ताना घ्यायच्या म्हणजे मुरगळलेल्या पायानं रंकाळा तलावाला फेरी मारायची. रोज असं झालं तर तंतूंच्या मधोमध, जिथं ते सर्वांत जास्त आपटतात तिथं, गाठी येतात. वेळेवर कळल्या तर विश्रांती आणि योग्य व्यायामानं त्या बहुधा जातात. अल्लादियाखाँसाहेबांचासुद्धा ऐन उमेदीत अतिगाण्यानं आवाज गेला होता आणि तो परत यायला बराच काळ लागला, ही हकीगत त्यांच्या घराण्यात सांगतात. तेव्हा आपण कोण?

गाताना दुखलं की त्याच क्षणी बंद. दुखणं हा रियाजाचा भाग नाही, कुणी काही म्हणो. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. गाताना एकाएकी आवाज नाहीसा झाला तर त्याच दिवशी जा, तंतूत रक्त साकळलेलं असू शकतं. मानेवर थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण गातो हे डॉक्टरांना आधी सांगा. स्वरयंत्र हलवणाऱ्या नसा त्या ग्रंथीला खेटून जातात. त्यातली डावी तर मानेतून छातीत उतरून, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत वर येते.

तपासणीला घाबरू नका. स्वतःचे स्वरतंतू पहिल्यांदा बघणारा माणूस गाणं शिकवणाराच होता. मॅन्युएल गार्सिया नावाच्या गुरूनं १८५४ साली दोन आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून ते पाहिले. आता दुर्बीण असते. तोंडातून घालायची असेल तर डॉक्टर रुमालानं जीभ धरतात आणि 'ई' म्हणायला सांगतात, कारण 'ई' ला जिभेमागचं झाकण पुढं सरकून आतलं दिसतं. पडदा तुमच्याकडं वळवायला सांगा. दोन पांढुरक्या घड्या, मोत्यासारख्या ओल्या, श्वासाला उघडतात आणि 'ई' ला मिटतात. माझ्या वेळी मी तो 'ई' सवयीनं काळी एकच्या सा वर लावला. डॉक्टर म्हणाले, "गाऊ नका हो, नुसतं म्हणा."